हेवी

माझं काम तसं सोपं.
खाणीतून ट्रेलर येतो, काट्यावर चढतो,
मी काचेआडून तळवा दाखवतो: थांब.
आकडा थरथरायचा थांबला की बटण दाबतो.
पावतीवर दोन रकाने, एम्प्टी आणि हेवी.
रास अल खैमाच्या या बोडक्या डोंगरांखाली
जगात दोनच तऱ्हेच्या गोष्टी आहेत
आणि त्या मी रोज चारशे वेळा वेगळ्या करतो.

शाळेत बर्वेबाईंनी शिकवलं होतं:
हेवी म्हणजे जड. विरुद्धार्थी, लाइट. चला पुढे.
बाईंचं काही चुकलं नव्हतं.
त्या फक्त इथे आल्या नव्हत्या.

इथे दिलावर गुल हेवी आहे,
म्हणजे त्याचं लायसन हेवी आहे,
माणूस काडीसारखा, पगार माझ्या दीडपट.
फोरमनचा हात हेवी, दंड लावताना.
कॅन्टीनच्या म्हाताऱ्याकडे चहासुद्धा
थिगील मागायचा अरबीत,
म्हणजे हेवीच,
म्हणजे आपला कडक.

ऋता फोनवर म्हणाली,
बाबा, हेवी म्हणजे भारी ना?
हो, जड.
जड नाही रे बाबा, भारी!
ओवीचा डान्स कसला हेवी झाला गॅदरिंगला.
मी म्हटलं, पेपरात असं लिहू नकोस.

आपल्याकडेही काही कमी नाही म्हणा.
झोपेने डोळे जड, निघताना पाय,
गणित मला सातवीपासून जड गेलं.
अवजड म्हटलं की कुंभार्लीच्या वळणावरची पाटी दिसते.
वजनदार माणूस मात्र जड नसतो,
तो कुणाचा तरी मेव्हणा असतो.

सुट्टीला जाताना बॅग तीस किलो भरते.
दूध पावडर, खजूर, वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट.
काउंटरवरची मुलगी मुठीला नारिंगी पट्टी बांधते: हेवी.
घरी ती पट्टी कुणी कापत नाही.
आई शेजारणीला दाखवते,
बघ, विमानवाल्यांनीसुद्धा लिहून दिलंय.

मार्चमध्ये अस्लम परकार गेला.
गुहागरचा. माझ्या खालच्या बंकवर, झोपेत.
त्याला आधी पाठवलं, सामान मागे राहिलं.
दोन पँटी, चष्मा, खिशातला रेडिओ,
निम्मी अत्तराची बाटली,
मुलीच्या लग्नपत्रिकेचे तीन नमुने,
एकावर पेनाने टिक.
बॅग दोन बोटांवर उचलली असती,
तरी दिलावर आणि मी दोघांनी धरली.

ऑफिसचा पोरगा म्हणाला, फॉर्मवर वजन लिहायचंय.
दुसरा काटा कुठला आणणार?
मी ती ट्रेलरच्या काट्यावर ठेवली,
साठ फुटी पोलादावर मधोमध
एक काळी बॅग.
मागे तीन ट्रेलर खोळंबले होते,
एकानेही हॉर्न दिला नाही.

आमचा काटा वीस-वीस किलोंनी मोजतो.
आठ-नऊ किलो त्याच्या खिजगणतीत नाही.
केबिनमध्ये येऊन पाहिलं: शून्य.
बोटाची सवय. बटण दाबलं गेलं,
पावती निघाली.
पोरगा खिडकीशी येऊन म्हणाला, भाई, कितना लिखूँ?
मी म्हटलं, दहा लिही.
त्याने दहा लिहिलं.

पावती पाकिटात ठेवलीय.
त्या शाईचं काही खरं नसतं, उन्हात उडते,
आत्ताच एम्प्टीतला ए दिसेनासा झालाय.

काल ऋताचा फोन.
बाबा, पटकन, हेवीचा वाक्यात उपयोग सांग,
दोन मार्कांना आहे.
दिलावर काट्यावर चढत होता, खडी भरून,
केबिनची काच थरथरत होती.
मी म्हटलं, लिही,
द ट्रक इज हेवी.
एवढंच?
एवढंच.
तिने लिहिलं.
दोन्ही मार्क मिळाले.