डोळा भरणे

तोरणमाळच्या रोपवाटिकेत बदलून आले तेव्हा
चार्जमध्ये मिळालं ते असं:
झारी एक, गळकी. कात्र्या दोन.
आणि एक रजिस्टर, ज्याच्या मधल्या पानावर
कुणीतरी जांभळ्या शाईनं लिहिलेलं
पिकन. रोपे सहा. जगली एक.
लावणार: मजूर १.

ते एक उभं होतं तळ्याच्या वरच्या अंगाला.
भोवतीचं रान अजून पानात असताना
हे मार्गशीर्षातच उघडं.
पाड्यावर त्याला सायबाचं झाड म्हणत.
फळं धरायची, पन्नासेक,
फोडली की आत काळा भुसा.

रेंज मिळते त्या एकाच दगडावर बसून
मी वाचत गेले.
या झाडातला पुरुष आधी फुलतो,
लोंबत्या तुऱ्यांतून सगळं पिवळं उधळून मोकळा होतो.
आठवड्यानं बाई जागी होते
तेव्हा वाऱ्यात काहीच नसतं.
जवळ दुसरं लागतं, उलट्या घड्याळाचं.
पन्नास वर्षं ही चुकामूक चाललेली
आणि शेऱ्याच्या रकान्यात फक्त
'उत्पन्न निरंक'.

त्याच्या मुलखात ते नदीच्या पूरमातीत आपसूक यायचं.
तिथल्या मूळच्या माणसांनी नाव ठेवलं, त्याचा अर्थ
दगडानं फोडायचं ते.
(खाली पाड्यावर चारोळ्या फोडत होत्या बाया.
दगडावर दगड. ऐकत होते मी.)
बी लावलं तर आईवर जात नाही,
कुणी कडू, कुणी कवचाचंच.
पहिलं कलम साधलं ते मळ्यावरच्या एका गुलामाला.
सोळा झाडं, एका हिवाळ्यात.
मालकाच्या कागदात त्याचं नुसतं नाव.
आडनावाची जागाच नाही.
पुढं त्या फळाला मोठ्या प्रदर्शनात मान मिळाला
आणि झाडं तोडून तिथं ऊस लावला.
ऊस!
मी शहाद्याची. हसू आलं,
मग नाही आलं.

मजूर एक म्हणजे कोण, विचारलं.
सायकी खुरपं न थांबवता म्हणाली,
माझा आजा. खात्र्या.
थंडीत तळ्याच्या कडेला बर्फ धरायचं
तेव्हा आपली गोधडी नेऊन
त्याच्या खोडाला गुंडाळायचा. आजी भांडायची.
मेलेल्या पाच रोपांचे पैसे
त्याच्या हजेरीतून कापले.

माघात हिमाचलातून काड्या मागवल्या,
उलट्या घड्याळाच्या,
ओल्या शेवाळात, थर्मासमध्ये.
एसटीत मांडीवर धरून बसले.
कंडक्टर म्हणाला, ताई, त्यामा काय शे?
डोया शेतस, म्हटलं.
कोना?
झाडना.
त्यानं अर्धं तिकीट फाडायचं नाटक केलं.

आमच्या खात्यात या कामाला
डोळा भरणे म्हणतात.
सालीला चीर द्यायची, चिरेत डोळा बसवायचा,
वरून पट्टी आवळायची.
फक्त डोळा उघडा ठेवायचा,
बाकी सगळं झाकायचं.
माझा हात थरथरला, दोन वाया गेले.
सायकीनं चाकू घेतला.
शिडीवर, ओठ घट्ट मिटून,
सात भरले तिनं,
कुणी शिकवलं नसताना.
उतरली तेव्हा तिचेही भरलेले.
साल उडाली डोळ्यात, म्हणाली.

नोंद मी केली.
रकाना आकड्यापुरता, नाव मावेना,
'सायकी' एका ओळीत, 'पावरा' खालच्या ओळीवर गेलं.
जुन्या पानावर खाडाखोड चालत नाही,
सरकारी दप्तर आहे.
पेन्सिलीनं, अगदी बारीक,
मजूर एकच्या शेजारी लिहिलं
काय लिहायचं ते.

फळ धरायला अजून पाच-सहा वर्षं.
तोवर माझी बदली,
कदाचित रावेरला, केळींत.

कंडक्टर मात्र दर खेपेला
घाट चढता चढता मागं वळून विचारतो,
ताई, डोया उघडना का?
उघडना, मी म्हणते.
एक.