शेपटी

भिंग पुसून घ्या आधी, आणि खिडकीशी या.
नोव्हेंबरात आमच्या लान्झादात ऊन
दोनला येतं, पावणेतीनला डोंगराआड जातं.
झुरिकहून तीन गाड्या बदलून आलात, खरंय,
पण बल्बखाली हा हिरवा जरा पिवळट होतो
आणि पिवळ्याचा भाव तुम्ही पाडून मागाल.

काडेपेट्या बेचाळीस आहेत.
आतला कापूस ओढू नका. कापूस नाही तो,
दगडच आहे.
फुंकर तर मुळीच मारू नका.

माझे बाबा, ग्वेर्रीनो, बावीस वर्षं खाणीत.
खाण या हिरव्या खड्यांची नव्हती,
तुमच्या कॅटलॉगात चुकीचं छापलंय ते.
खाण पांढऱ्या दोऱ्यांची.
आगगाडीचे ब्रेक, नाटकगृहांचे पडदे, भटारखान्यातले हातमोजे,
जे जे जळू नये असं जगाला वाटायचं
त्यात आमच्या डोंगराचे केस विणलेले.
गार्नेट म्हणजे कचरा,
पिंजणयंत्राच्या दातात अडकणारा.
आई शेडमध्ये बसून तांदूळ निवडावेत तसे खडे वेचायची,
बादली भरली की मुकादम ती ओढ्यात उपडी करायचा.

एकदा बादली उचलली जायच्या आत
बाबांनी त्यातला एक खडा जिभेखाली ठेवला.
घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.
आईला वाटलं, भांडून आलेत.

मग ही काडेपेटी, मग ती.
रविवारी मास चुकवून जुन्या राडारोड्यात,
हातोडी, आईची तुटकी फणी, पावाचा तुकडा.
चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या आहेत.
जुनी चिठ्ठी असली की किंमत वाढते म्हणता,
वाढू दे. पण मोठ्यांदा वाचा,
माझा चष्मा आतल्या खोलीत आहे.

“दुसरी पाळी. बर्फ गुडघाभर. एक, मोहरीएवढा.”
“वरचा बोगदा. देल्फो खोकतोय. दोन, जोडलेले.”
“वरचा बोगदा. देल्फोच्या जागी नवा पोरगा. एक, वाटाण्याएवढा, कोपरा फुटका.”
पुढची?
“पाऊस. काही नाही.”
त्या पेटीत खरंच काही नाही.
रिकामीच ठेवलीय त्यांनी, नंबर घालून.

हां, आता हा धरा. उजेडाकडे. अजून थोडा तिरका.
दिसली?
एका ठिपक्यातून फुटलेली, सोनेरी, वाऱ्यावर उडावी तशी
घोड्याची शेपटी.
तुम्ही श्वास रोखलात. इथे सगळेच रोखतात.
नकली खड्यात ती नसते, म्हणून तिचे दाम वेगळे,
ते मला सांगू नका, मला ठाऊक आहे.
शेपटी म्हणजे तरी काय, तोच दोरा,
खडा वाढत असताना आत राहून गेलेला.

सोंद्रिओच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी
बाबांच्या छातीचा फोटो असाच खिडकीला लावला होता.
पेनाच्या टोकाने दाखवत होत्या, बिचाऱ्या,
वयाने माझ्याहून लहान,
या रेषा, आणि इथे, आणि ही खालची बाजू.
बाबा खुर्ची सरकवून जवळ गेले.
खिशातून भिंग काढलं.
बराच वेळ बघत राहिले, धाप लागली तरी.
“अस्सल आहे,” म्हणाले.

ऊन चाललं बघा. तिकडच्या छपरावर गेलं.
तेहतीस नंबरची पेटी ठेवा खाली,
तो विकायचा नाही.
तुमच्या कामाचाही नाही, आत शेपटी नाही, काहीच नाही,
नुसता स्वच्छ, ओल्या गवतासारखा.
जिभेखालचा तो.

बाकीच्यांचा हिशेब मांडा. घासाघीस करा,
मला वाईट वाटत नाही, करायचीच असते.
मी कॉफी ठेवते.
मोरी डाव्या हाताला आहे, साबण खिडकीत.
कोपरापर्यंत धुवा.
कोट बाहेर झटका, घरात नको.