तात्कालिक कारण

पुस्तकात ते पिवळ्या चौकटीत दिलंय,
चौकटीत म्हणजे हमखास येणार.
आधी मुख्य कारणं: गुप्त करार, शस्त्रस्पर्धा,
वसाहतींची ओढाताण, राष्ट्रवादाचा कडेलोट,
आणि खाली, दोन गुणांना, तात्कालिक कारण:
साराजेव्होत एका राजपुत्रावर गोळी झाडली गेली.

शिवडीच्या या इमारतीत दिवसा बालवाडी भरते,
रात्री आमची शाळा.
माझे दहावीचे विद्यार्थी
गुडघे हनुवटीशी घेऊन बुटक्या बाकांवर बसतात,
आणि भिंतीवरचा ससा
सगळ्यांच्या डोक्यांवरून गाजर खात असतो.

दिगंबर आंगचेकर, वय एकोणचाळीस,
माझगाव गोदीत रंगारी, उभा राहून विचारतो,
सर, तात्कालिक म्हणजे अर्जंट?
म्हटलं, अर्जंट नाही, लगेचचं. ठिणगी म्हण.
दारू कोठारात आधीच भरून ठेवलेली असते.
मग दारू भरणाऱ्याला किती गुण?
वर्ग हसला. मीही.
मुख्य कारणं चार, म्हटलं, प्रत्येकी एक.

तो बसला नाही.
त्या बाकावर बसणं त्याला तसंही अवघडच.
म्हणाला, आम्ही लढाऊ बोट रंगवतो, सर,
पाळण्यात लोंबकळून, पाण्याच्या रेषेपासून वर,
करडा, तोही साधा नाही, ढगाळ दिवसाचा करडा.
सुपरवायझर सांगतो, हात उचला,
त्यांनी तिकडे तीन उतरवल्या.
म्हणजे तिकडच्या गोदीतही एखादा सुपरवायझर असणार,
सांगत असणार, मुंबईवाले बघा.
तिकडेही पाळणा, तिकडेही ब्रश.
आणि खरं सांगू, ओव्हरटाइम चांगला सुटतो.
पोरीची नर्सिंगची फी त्यातूनच गेली.
लढाई नको, असं मी कुणालाही सांगेन.
ओव्हरटाइम नको, असं अजून एकदाही म्हटलेलं नाही.

प्रमिला खरटमल मागून म्हणाली,
हे लिहून घ्यायचं का, सर?

मग मी आगगाड्यांचं सांगितलं, पुस्तकात नसलेलं:
सैन्य हलवायची वेळापत्रकं वर्षानुवर्षं घोटून ठेवलेली,
कुठल्या पुलावरून किती डबे, किती मिनिटांनी, सगळं.
ऐन वेळी म्हणे एका सम्राटाचा धीर सुटला,
म्हणाला, तोंड फिरवा गाड्यांचं.
सेनापती म्हणाला, महाराज, आता होत नाही. आखून झालंय.

इब्राहिम मुकादम इतका वेळ पेंगत होता.
वडाळा डेपोत टाइमकीपर, पहाटे साडेतीनची ड्यूटी.
डोळे न उघडताच म्हणाला,
बस उशिरा सुटली की मेमो येतो मला.
रिकामी सुटली तर नाही येत.
वेळेवर सुटली पण कशाला सुटली,
असा मेमो अठ्ठावीस वर्षांत पाहिला नाही.

बाहेर कुणी कंटेनरचा ट्रेलर मागे घेत होतं,
ते पीं पीं पीं संपेपर्यंत थांबलो.
फळ्यावर पाचवं कारण लिहावं म्हणून खडू उचलला.
मथळा सुचेना.
नऊ वाजले होते; पुढचा तास भूमितीचा.

पूर्वपरीक्षेचे पेपर काल तपासले.
आंगचेकरने सगळं चौकटीबरहुकूम लिहिलंय:
चार कारणं, साराजेव्हो, राजपुत्र, गोळी.
तारीखसुद्धा बरोबर. कुठे मार्क कापू?
दिले सहापैकी सहा.
समासात अंगठ्याचा ठसा होता, करडा,
नखाजवळ दाट, कडेला फिकट.
लाल पेनाने त्याच्याभोवती गोल करायला गेलो
आणि हात आखडला.

पुढचा प्रश्न: महायुद्धाचे परिणाम लिहा, गुण चार.
तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक आहे.
वेळ संपली असणार.