लाल हापसा

त्या वर्षी मी रोजावर हापसे रंगवायचो.
बाटलीतली कागदाची पट्टी पिवळी-तपकिरी झाली
की लाल. नाहीतर हिरवा.
मेघनेकाठची सतरा गावं.

मोमेना खालाच्या हापशाचं पाणी
काचेसारखं नितळ, गार, जरासं गोडच.
"ह्यात विष?" ती हसली.
मी काही न बोलता ब्रश बुडवला.

हिरवा हापसा होता दिराच्या अंगणात.
दिराशी बांधाचा दावा, अकरा वर्षं.
खाला म्हणाली, त्यापेक्षा विष परवडलं.

मग तिने तीन घागरी एकावर एक रचल्या.
वरचीत वाळू आणि लेथवरचा लोखंडी कीस,
मधलीत कोळसा, विटेचा चुरा,
बुडाला भोक, भोकात जुन्या साडीची चिंधी.
सगळ्यात खाली थेंब.
बऱ्याच वेळाने
दुसरा.
पहिल्या दिवशी ती समोरून हललीच नाही,
दुधावर नजर ठेवून बसावं तशी.

तळहातावरचे ते खरखरीत ठिपके
गेले नाहीत. सासरहून लेक आली
की ती मुठी मिटून बोलते.

यंदा पुन्हा तपासणी.
दिराचा हिरवा मला लाल करावा लागला.
तो ओसरीतून बघत होता, विडी विझलेली.

तिन्हीसांजेला त्याची नात कुंपणापाशी आली,
कमरेवर रिकामी कळशी.
कोणी पाठवलं, खालाने विचारलं नाही.
"बस," म्हणाली, "वेळ लागतो ह्याला."

दाव्याची पुढची तारीख एकोणीसला आहे.