बसलेले, डावीकडून

नाखवा मॅडमनी फोन करून बोलावलं.
म्हणाल्या, माळ्यावरनं चौदा खोकी निघालीत फोटोंची,
पाठीमागे नावं नाहीत,
तुम्ही बाइंडिंगमध्ये छत्तीस वर्षं काढलीत,
ओळखाल का कुणाला?
आधी चहा आला, मग हातमोजे.
पांढरे, सुती.
इतकी वर्षं खळीत आणि सरसात बुडालेल्या हातांना
स्वच्छ आहात का म्हणून
कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

पहिला फोटो कालिन्याचा.
म्हणजे नुसतं खाजण, आणि चुन्याची एक रेघ.
हॅटवाले पाच जण नकाशा धरून उभे,
वाऱ्यात नकाशा आवरत नाहीये त्यांना.
मागे एक म्हैस.
कॅमेऱ्याकडे बघतेय ती एकटी तीच.
हे कोण? मॅडमनी हॅटवाल्यांवर बोट ठेवलं.
म्हटलं, ते माहीत नाही. म्हैस मिस्किटांची.
त्या हसल्या.
मी विनोद केला नव्हता.
त्यांचा फ्रान्सिस पुढे आमच्यात रात्रपाळीचा वॉचमन लागला.
केमिस्ट्रीच्या इमारतीपाशी आला की
सपाट डांबरावर
दर फेरीला एक पाऊल उंच टाकायचा.
तिथे बांध होता त्यांच्या शेताचा.

मग फोर्टचे. पदवीदानाचे. हे पुष्कळ.
रंगीत काचांखाली झग्यांची रांग,
झगे भाड्याचे, एका दुपारचे,
आत कुणाची इस्त्री मोडलेली, कुणाची पिन लावलेली.
एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसतेय,
हातातली गुंडाळी उलटी धरलीय.
ही आठवते. नाव नाही आठवत.
वाचनालयात लाइट बंद केले तरी उठायची नाही,
बाकाखाली पाय दुमडून बसायची,
आणि पुस्तकाची शिवण उसवली की
माझ्याकडेच आणून द्यायची, चोरासारखी.
मॅडमनी टाइप केलं: अनोळखी, स्त्री, एक.

मधे कितीतरी नुसत्या इमारती.
बांबूची परांची, कामगार कुणीच नाही.
त्यांना बहुतेक बाजूला व्हायला सांगितलं असेल.

दुपारी तो ग्रुप फोटो निघाला.
गणित विभाग, बारा माणसं, सहा बसलेली.
मागे चादर, भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून.
मॅडम म्हणाल्या, इथून सुरू करू. बसलेले, डावीकडून.
मी बघत राहिलो.
एकही चेहरा लागेना.
मग चादरीच्या वरच्या काठाकडे नजर गेली.
उजव्या कोपऱ्यात साडेतीन बोटं:
धाकू गुरव. उरलेलं अर्धं कटिंग मशीनमध्ये गेलं,
परीक्षेच्या दिवसांत, उत्तरपत्रिका कापताना.
डाव्या कोपऱ्यात चार, शाबूत.
ती मी पटकन ओळखली नाहीत.
हातमोज्यात होती ना.

हलू नका, फोटोवाला ओरडला होता.
सगळ्यांत कमी आम्ही हललो.
ऊन समोरून येत होतं,
आणि चादरीच्या आमच्या बाजूला
बारा सावल्या पडल्या होत्या, अगदी नाकासमोर.
एकीचा कान मोठा. एकीचा अंबाडा सुटत आलेला.
एक सारखी खांदा उडवत होती, तिला दटावलं.

मी फोटो उचलला. कागद पातळ होता.
खिडकीपाशी जाऊन उलटा धरला, उजेडावर.
अहो, सांभाळून, मॅडम म्हणाल्या.
म्हटलं, लिहा.
कॉन्ट्रॅक्टर सर. त्यांच्या शेजारी वर्तक बाई.
मग लोबो, तो खांदा उडवणारा.
मग अय्यंगार. मग ते पानसुपारीवाले, थांबा, येईल नाव...
मॅडमची बोटं थबकली.
डावीकडून ना?

नाही, म्हटलं.
आमच्याकडून.