हातचा

सकाळचे सहा. पाणी एकतीस अंश.
मीटर पुसते, पुन्हा बुडवते. एकतीसच.
गाडीपाशी उभा शब्बीर पेवेकर हाक घालतो,
“काय गो बाय, उतरला काय तेचा ताप?”
ओमानच्या या उघड्याबोडक्या डोंगरात
दापोलीकडची बोली दगडावर आपटून परत येते.

हैल अस्-सिद्र. चाळीस घरं, खजुरांची एक बाग,
आणि डोंगराच्या पोटातून काढून आणलेला पाट.
फलज म्हणतात त्याला.
पाण्याची पाळी अजून खल्फान बिन मुहन्नाच वाटतो,
बाप ताऱ्यांवर वाटायचा, हा मनगटावरच्या घड्याळावर.
पूर्वी हात घातला की कोपर बुडायचं.
आता बोटातली अंगठी भिजत नाही.

आठ वर्षं मी इथले नमुने नेते.
वरच्या शेतांत बोअर खोल गेले, क्षार वाढले.
मर्यादेत.
उंटांना हिरवा चारा हवा, चाऱ्याला गोणीतलं खत,
नायट्रेट वाढलं.
मर्यादेत.
पाटाला सिमेंट लावलं, गळती थांबली;
दगडांच्या फटी बुजल्या, तिथे अंडी असायची.
त्याला रकाना नाही.
डासांवर उपाय म्हणून कुणी बाहेरचे मासे सोडले,
ते डासांना कंटाळले आणि पिल्लांकडे वळले.
त्यालाही नाही.
शुक्रवारी शहरातल्या गाड्या, कोळसा, साबण, बाळांचे डायपर.
प्राणवायू कमी, पण मर्यादेत.

प्रत्येक ओळीपुढे मी बरोबरची खूण केली,
आणि ती खोटी नव्हती.
आमच्याकडे म्हणतात, दुष्काळात तेरावा महिना.
माझ्या तक्त्यात महिने बाराच.

आज पाटाच्या तोंडाशी मासे.
तेच, बोटाएवढे,
पाय सोडून बसलं की टाचेला गुदगुल्या करणारे.
मोजले. दोनशे चौदापर्यंत मोजले.
एक तळहातावर घेतला तर तोंड उघडत मिटत होता,
ऐन वेळी शब्द सुचू नये तसा.

खल्फान शेजारी उकिडवा बसला. मोडक्या हिंदीत म्हणाला,
“कौन मारा?”
मी म्हटलं, ऊन.
ऊन तर आधीही होतं, म्हणाला.
मी म्हटलं, खार.
आजोबांच्या काळात सात वर्षं पाऊस नव्हता,
चहा खारट लागायचा, मासे होते.
मी म्हटलं, खत.
माझा भाऊही टाकतो, मूठभर.
एकेक आरोपी उभा केला, एकेक सुटला.

तेव्हा तिसरीतल्या घोरपडेबाई आठवल्या,
खडूने पांढरी झालेली त्यांची बोटं.
“सात नि आठ पंधरा. पाच खाली, एक हातचा.
हातचा विसरलीस की अंक कितीही सुबक काढ,
उत्तर चुकणार.”

तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो.
कमी मावतो म्हणून मासा कल्ले जोरात हलवतो,
हलवता हलवता खारही जास्त ओढतो,
खाराशी झुंजून दमतो, आणि रात्री
खतावर पोसलेलं शेवाळ उरलासुरला श्वास पिऊन टाकतं.
पळून जायला पाणी कोपरभर असतं तर गेलाही असता.
हातच्यावर हातचा.
सुबक अंक माझेच.

तक्त्यावर, रकान्यांच्या डोक्यावर,
पेन्सिलीने एक बारीक एक काढला.
मस्कतमध्ये कुणीतरी विचारेल, हा एक कसला?
खोडून टाकेल बहुधा.

शब्बीरने बाटली उघडून माझ्या हातावर पाणी ओतलं,
समुद्रातून गाळलेलं, चव नसलेलं.
एक खवला तळव्याला चिकटून राहिला.
“जाव्दे बाय,” म्हणाला, आणि मग काहीच म्हणाला नाही.

खल्फानने घड्याळ पाहिलं.
विधवा झुवैनाच्या बागेची पाळी, अर्धा तास.
त्याने उठून फळी सरकवली.
होतं नव्हतं तेवढं पाणी
माशांसकट वळलं.