एक्केचाळिसावं चित्र

एका सेकंदात साठ चित्रं.
महापेला, तिसऱ्या मजल्यावर, रात्रपाळीत
मी ती एकेक करून बघते. पगार त्याचाच.
कोल्हा कड्यावरून उडी मारतो,
शेपटी कुठे तुटते का, सावली मागे राहते का,
एवढंच बघायचं असतं.

गुरुवारी, एक्केचाळिसाव्या चित्रात
कोल्हा पडत होता
(तो पडतोच तिथे, सगळ्यांचा पडतो)
आणि फिक्या आभाळात, आभाळाहून जेमतेम फिकी
तीन अक्षरं: अजून.
बेचाळिसाव्यात नुसतं आभाळ.

मी तक्रार नोंदवली. क्रमांक ७१८.
दहा मिनिटांत उत्तर: मुद्दाम आहे, बंद करा.
चहाच्या मशीनपाशी देवाशिषसर म्हणाले,
"चालतं की नाही, देव जाणे.
पण काढून बघायची छाती कोणाची आहे?"
आणि कागदी कप चेपून टाकला.

पहाटे, कोपरखैरण्यात, नाना जागे होते.
तीस वर्षं मार्केटात पोती वाहिलेली मान
आता उशीवर नीट टेकत नाही.
मोबाइल दाखवला. हळू करून दाखवला.
चष्मा लावून, चष्मा काढून, काचेवर बोट घासून
"मला काय दिसंना," म्हणाले.
मग मी ते चित्र थांबवलं.
बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजी हत्ता," म्हणाले.
"रुमालाखाली दोघांची बोटं.
भाव तिथंच ठरायचा.
ज्याचा माल, तो समोर उभा. हसत.
आमी पोत्याखाली वाकल्यालं, आमालाबी दिसायचं न्हाई.
पण रुमाल हालला की कळायचं,
कुणाचं तरी गेलं."

सकाळी शर्विल सोफ्यावर उलटा लोंबकळत
(बहिणीचा मुलगा, दुसरीत आहे)
कोल्हा पाडत होता.
मी खेळाकडे नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघत होते.
कोल्हा पडला. पापणी लवली नाही.
"अजून एकदा," तो म्हणाला.

पण हे तर तो घसरगुंडीवरही म्हणतो,
सेक्टर अकराच्या बागेत, दिवे लागले तरी.
तव्याशी उभा राहून आंबोळी मागतानाही.
पाठीवर घोडा घोडा करताना नानांच्या त्याच मानेला.
मग आम्ही आभाळात लिहिलं ते कुणाचं?
त्याच्याच तोंडचं उचलून
त्यालाच परत

ही ओळ अर्धी ठेवते. रात्री कामावर जायचंय.

नाना गॅलरीत पंचा वाळत घालत होते.
म्हटलं, कसं असायचं ते, दाखवा की.
ओला पंचा माझ्या मनगटावर टाकला,
खालून हात घातला,
तीन बोटं दाबली. खरखरीत, गार.
तीन म्हणजे तीन, की तीस, की तीनशे,
आणि कशाचे?
"वळखायचं," म्हणाले,
आणि पंचा झटकून दोरीवर टाकला.